मला काही लागलं नाही, थँक यू

रविवार, ११ जानेवारी

प्रिय ठमे,

नीट पोचलीस ना? बसमध्ये खिडकीची जागा मिळाली का? तुझे फोन आले तेव्हा मी आंघोळीला गेले होते. हल्ली आंघोळीला वेळ लागतो, वय झालं. म्हटलं, फोनवर धावतपळत बोलण्यापेक्षा रविवारचं पत्रच लिहावं. शाळेतल्या बोर्डिंगने आपल्याला दुसरं काही शिकवलं नसेल, पण रविवारी दुपारी पत्र लिहायला बसायचं एवढं मात्र हाडात भिनवलं.

अक्षर वेडंवाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन खराब आहे.

तुझी गाडी गॅरेजमध्येच आहे. मेकॅनिक म्हणतो, माझ्या बाजूचं दार ठोकून सरळ होणार नाही, बदलावंच लागेल. तुझ्या इंजिनियरसाहेबांना सांग, दार म्हणजे शेवटी पत्रा. नवऱ्याने त्यावरून बायकोशी अबोला धरायचा नसतो.

शाळेतल्या शिवणाच्या मदरना भेटून आलो हे किती छान झालं! आपली नावं त्यांना आठवत नव्हती, पण मी वाकून नमस्कार केला तशी त्यांनी माझी बाही हातात धरली आणि उलटून आतली शिवण बघितली. पाहिलंस ना तू? शिवण बरी निघाली म्हणून मला अजूनही हायसं वाटतंय. या वयात!

आणि येतानाचं गाणं. तुझा वरचा सूर, माझा खालचा. वरचा सूर लागला की तू माझ्याकडे वळून बघतेस, ही तुझी पहिलीपासूनची खोड आहे. ताई चुकतेय का ते बघायचं. त्या दिवशीही बघितलंस. त्याचा आता विचार करत बसू नकोस. कोपऱ्यावरून पावाची गाडी कोणाच्याही समोर येऊ शकते. मला वाईट वाटलं ते त्या पाववाल्याचं. बिचाऱ्याचे ताजे पाव रस्ताभर झाले.

पोलिसांना मी स्पष्ट सांगितलंय, आम्हा दोघींनाही काही लागलेलं नाही, थँक यू. तेव्हा तुझ्यावर काही येणार नाही. तू निवांत झोप.

इकडे सगळं ठीक. हॉटेलचे पडदे शिवून झालेत, टांगायचे तेवढे राहिलेत. ते काम मी दांडीबाईवर सोपवलंय. (माझी मदतनीस गं. पडद्याच्या दांड्या बसवण्यात हुशार आणि कामाला दांडी मारण्यातही.)

तुझी,
ताई


रविवार, १५ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. वकीलबाईंनी बजावलंय, बहिणीला या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. लिहिलंत तर उद्या विमा कंपनी ते पत्र मागवून वाचेल. पण रविवार आहे आणि दुपार आहे. लिहून शिलाई मशीनच्या खणात ठेवीन. तिथे बॉबिनांशिवाय कोणी वाचणारं नाही.

तुझा फोन ठेवल्याचा आवाज अजून कानात आहे.

“सख्ख्या बहिणीवर दावा? ताई, तुला काही वाटतं का?”

“अगं, तुझ्यावर नाही, कंपनीवर...”

“नोटिशीवर नाव कोणाचं आहे? माझं! यांनी ती दारातच फोडून वाचली. शेजारी उभे होते. आणि त्या दिवशी तर काही लागलं नाही म्हणालीस. मग आता काय एकदम उगवलं?”

त्याचं उत्तर आता इथे देते.

त्या दिवसापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजची मागची बटणं लावता येत नाहीत. पेन चांगलं होतं गं. ते पत्र मी डाव्या हाताने लिहिलं होतं. आताही डावाच लिहितोय, सरावलाय बिचारा.

डॉक्टरकडे मी लगेच गेले नाही. गेले असते तर ते म्हणाले असते, अपघात कधी, कोण चालवत होतं. आणि मग माझं पोलिसांना सांगणं खोटं ठरलं असतं. म्हणून शेक घेत बसले. शेवटी एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला टेप वर धरली आणि ती हातातून सुटून त्यांच्या फुलदाणीत पडली, तेव्हा गेले. डॉक्टर म्हणाले, खांद्यातला स्नायूबंध फाटलाय. ऑपरेशन लवकर केलं तर हात परत वर जाईल, उशीर केला तर जाणार नाही. पडदे शिवणारीचा हात वर जात नसेल तर तिने काय करायचं? टेबलक्लॉथ?

ऑपरेशनचा खर्च मला झेपणारा नाही. हॉस्पिटलातल्याच एका बाईंनी वकीलबाईंचा पत्ता दिला. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही गाडीत नुसत्या बसलेल्या होतात, तुमची काही चूक नाही, भरपाई गाडीच्या विमा कंपनीने द्यायची. मला वाटलं, कंपनी म्हणजे कंपनी. कुठेतरी मोठी काचेची इमारत, तिथे लोक कागदावर शिक्के मारतात. तिथवर पोचायचा रस्ता तुझ्या नावावरून जातो, हे मला कोणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी मान डोलावली? मला न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची वाईट सवय आहे.

तुला रविवारी पत्राने समजावून सांगणार होते. नोटीस शुक्रवारीच पोचली.


रविवार, ८ मार्च

ठमू,

परवा वकीलबाईंनी मला शाळकरी पोरीसारखं झापलं. सांगते.

त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली होती. रोज काय दुखलं, काय करता आलं नाही, रात्री झोप लागली का, सगळं लिहायचं. मी नेमाने लिहिलं आणि नेऊन दाखवलं. त्या वाचायला लागल्या. “आज बरं आहे. आज कालच्यापेक्षा बरं. आज जरा ठणकलं, पण हवा छान होती.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, ही वही तुम्ही कोणासाठी लिहिलीत? विमा कंपनीसाठी?”

“अहो, पण रोज काय रडगाणं गायचं?”

“गायचं! केस विंचरायला कोण येतं तुमच्याकडे?”

“दांडीबाई.”

“हे लिहिलंय कुठे?”

“तिला आवडायचं नाही, तिचं नाव असं कागदावर...”

त्या हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. विमा कंपनीने उत्तर पाठवलंय. त्यांचं म्हणणं असं, की या बाईंना अपघातात काही लागलंच नाही. तिथल्या तिथे पोलिसांना त्या स्वतः तसं म्हणाल्या. अँब्युलन्स परत पाठवली. डॉक्टरकडे आठवडा उलटून गेल्यावर गेल्या, म्हणजे मधे घरीच कुठे पडल्या असतील. आणि सगळ्यावर कडी म्हणजे पाववाल्याचा जबाब. “बाई फार चांगल्या. त्यांनी उतरून मला पाव गोळा करायला मदत केली.”

केली होती. काय करणार? तू फुटपाथवर बसून थरथरत होतीस, लोक जमले होते, तो माणूस एकटाच पाव वेचत होता. नुसतं उभं राहायचं मला कोणी शिकवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी वकीलबाईंना सांगायला विसरले होते. (विसरले नव्हते. सांगितली नव्हती.) कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला होता. इतका गोड आवाज, इतकी अदब! “मॅडम, कशा आहात आज?” माझ्या तोंडून निघून गेलं, “अगदी छान, थँक यू, आपण कसे आहात?” मॅनर्सच्या तासाला आपण ओळीने उभ्या राहून घोकायचो ना, तसंच्या तसं. तुझा नंबर माझ्या मागे असायचा आणि तू माझी वेणी ओढायचीस.

ते वाक्य त्यांनी टेप केलंय. माझ्या आवाजात मी अगदी छान आहे.

“आता एकच रस्ता आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाने सांगायचं, की तुम्हाला लागलं होतं. पण ती तर तुमच्याशी बोलत नाही. आणि ती असं बोलली तर चूक तिच्या अंगावर येते. लायसन्सवरही येऊ शकते. कोण बोलेल?”

मी म्हटलं, तिला यात ओढायचं नाही.

“ती यात आहेच, बाई. स्टिअरिंगवर बसली होती.”


रविवार, १२ एप्रिल

ठमे,

तुझी लेक येऊन गेली. तुला न सांगता आली होती, तेव्हा तिला ओरडू नकोस. आली ती थेट ओट्याशी गेली आणि चहा टाकला, अगदी तुझ्यासारखा भांड्यांचा आवाज करत. मग माझ्याकडे बघत राहिली. मी किटली डाव्या हाताने उचलली होती.

“मावशी, आईला हे माहीत आहे?”

“काय?”

“काय म्हणून काय विचारतेस!”

तिनेच सांगितलं की तू गाडी चालवायची सोडून दिलीस. गाडी दुरुस्त होऊन आली, नवं दार बसलं, पण किल्ली कपाटात स्वेटरांच्या खाली गेली. बाजारात चालत जातेस, हातात पिशव्या घेऊन. रस्ता ओलांडताना लेकीचा दंड धरतेस. मला हसू आलं नाही गं. आपल्या सगळ्या घरात गाडी शिकलेली पहिली बाई तू. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि तू चौकात वळण असं घेतलंस की त्यांनी डोळे उघडून “अरे वा” म्हटलं. त्यांचं “अरे वा” मला कधी मिळालं नाही.

“आई म्हणते, मावशीने दोनदा फसवलं,” लेक म्हणाली. “आधी म्हणाली लागलं नाही. मग वकिलाकडे गेली.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला वाटतं तुम्ही दोघी हट्टी आहात.”

ती गेल्यावर टेबलावर कंपनीचा लखोटा होता तो मी परत उघडला. ते थोडीशी रक्कम द्यायला तयार आहेत. अट एवढीच, की मी लिहून द्यायचं, आता यापुढे माझी काही मागणी नाही. रकमेत ऑपरेशन सोडाच, नुसते खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचेही पैसे निघायचे नाहीत. पण सही केली की सगळं मिटतं. तुझं नाव कुठल्या कागदावर राहत नाही. तू पुन्हा फोन करशील. मी पुन्हा आंघोळीत असेन.

पेन डाव्या हातात घेतलं. आणि मग, सही कशी करायची ते सुचेना. माझी सही मला डाव्या हाताने येत नाही. उजव्या हातात पेन धरून मनगटाखाली उशी घेतली, तर दोन अक्षरांतच खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तशीच बसून राहिले. मग दांडीबाई आली, तिने पेन काढून घेतलं आणि म्हणाली, “मालकीणबाई, मला वाचता येत नाही असं समजू नका. हात गेला तर मी कोणाकडे कामाला येऊ?”

मी वकीलबाईंना फोन करून म्हटलं, सही करत नाही. पण बहिणीला विचारायचंही नाही.

“मग आपण हरणार,” त्या म्हणाल्या.

“चालेल,” मी म्हटलं. चालणार नाही, ठमे. पण तोंडाला सवय.


रविवार, १७ मे

ठमे, ठमे,

वकीलबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, हरलो. त्यांनी एक कागद उघडला आणि म्हणाल्या, “तुमच्या बहिणीने कंपनीकडे जबाब दिलाय. स्वतः जाऊन. नवरा बाहेर बाकावर बसला होता म्हणे, तोंड फुगवून.”

मग त्यांनी वाचून दाखवला. तुझं बोलणं त्यांच्या आवाजात ऐकताना मला कसंतरी झालं. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

“गाडी मी चालवत होते. आम्ही गात होतो आणि मी रस्त्याकडे बघत नव्हते, बहिणीकडे बघत होते. चूक माझी आहे. धडक तिच्या बाजूला बसली. तिला पट्टा सोडवता येईना, तो मी सोडवला. मी म्हटलं, ताई, तुझा हात. ती म्हणाली, गप्प बस. पोलिसांना ती खोटं बोलली. पाव तिने डाव्या हाताने वेचले, मी फुटपाथवरून बघत होते. ती डावखुरी नाही. तिचा उजवा हात नुसता लोंबत होता.”

इथे कंपनीच्या माणसाने तुला विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?

“कारण ती लागलं नाही म्हणाली आणि मला ते हवंच होतं. शाळेत मी चॅपेलमधली मोठी मेणबत्ती पाडली होती. मदरनी विचारायच्या आत ही पुढे झाली आणि गुडघ्यावर बसली. मला कोणी विचारलंच नाही, की तू पाडलीस का. आताही तसंच. आधी ती माझ्या वाटचं सोसते आणि मग मला तिच्यासमोर तोंड वर करता येत नाही. साहेब, माझी बहीण बरी आहे म्हणाली तर ते कधीही लिहून घेऊ नका. ती आमची आई गेली त्या दिवशीसुद्धा बरी होती.”

वकीलबाईंनी कागद मिटला. मी पाणी प्यायले. त्या म्हणाल्या, “केस आता भक्कम आहे. अभिनंदन.” मला ते अभिनंदन घ्यावंसं वाटलं नाही.

मेणबत्ती तूच पाडलीस हे मला माहीत होतं. पण तुला बोलायचं होतं, हे माहीत नव्हतं. मी पुढे झाले तेव्हा तू माझ्या मागे उभी राहून तोंड उघडलं होतंस का? मी वळून बघितलंच नाही. मला वाटायचं, मी तुझ्यासाठी करते. तुझ्या हातातलं काढून घेतेय, असं कधी मनातही आलं नाही.

जबाबाला आता बरेच दिवस झाले, असं त्या म्हणाल्या. तू मला फोन केला नाहीस. तुझं लायसन्स पोलीस तपासणार आहेत, असं लेकीकडून कळलं. मी फोन हातात घेते, तुझा नंबर लावते आणि ठेवून देते. काय म्हणू? कशी आहेस विचारलंस, तर मी काय उत्तर देईन याची मलाच धास्ती वाटते.


रविवार, ७ जून

प्रिय ठमे,

हे पत्र टाकणार आहे. वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आता टाका. कंपनीने मान्य केलंय. मागितलं तेवढं नाही. मी आधी काही लागलं नाही म्हणाले होते, त्याची कापाकापी झालीच. पण ऑपरेशन होईल आणि काम बंद आहे तोवर दांडीबाईचा पगार निघेल. तुझ्या लायसन्सला ताकीद मिळून प्रकरण मिटलं, हेही कळलं. ते ऐकून मी मशीनवर डोकं ठेवून रडले.

आता नीट वाच. मी गोलगोल लिहीत नाहीये.

मला दुखतं. झोपेत कूस बदलली की जाग येते. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय, हात पूर्ण वर जाईलच असं नाही. मला ऑपरेशनची भीती वाटते. भूल दिल्यावर काहीबाही बोलीन, याचीसुद्धा. आणि मला तुझा राग आला होता. तू फोन आपटलास तेव्हा आला, मग तू इतके दिवस बोलली नाहीस तेव्हा जास्त आला. मी तो कुठेच लिहिला नव्हता, वहीतही नाही.

ऑपरेशन येत्या शुक्रवारी आहे. काल हॉस्पिटलातल्या नर्सने विचारलं, “घरी न्यायला कोण येणार? टॅक्सीने एकटीला सोडत नाही आम्ही.” दांडीबाई शेजारी होती, ती तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, “बहीण.”

“येतील ना नक्की? गाडी आहे त्यांच्याकडे?”

“गाडी आहे,” मी म्हटलं. “येईल की नाही, ते मला माहीत नाही. अजून विचारलेलं नाही.”

नर्सने मान वर करून बघितलं. अशी उत्तरं तिला मिळत नसावीत.

तर विचारतेय. बसने येऊ नकोस. इंजिनियरसाहेबांनाही चालवायला लावू नकोस. स्वेटर उचल, किल्ली काढ आणि तू चालवत ये. पहाटे निघ, रस्ते मोकळे असतात. हवं तर सगळी वाट हळू ये, मागच्यांना हॉर्न वाजवू दे. मला भीती वाटेल. तुलाही वाटेल. मी पुढच्याच सीटवर बसणार आहे.

पट्टा मात्र तुलाच लावावा लागेल.

ताई